परक्या कुळाची ताटं

माझ्या माहेरी म्हणायचे, ही पोरगी देवळात गेली तरी आधी चपला कुठे काढल्यात ते बघते आणि मग देवाकडे बघते. खोटं नाही. दूधवाल्यानं जास्त घातलं तरी मी दूध हुंगून बघायची. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या कपाळावर आठी चढायची. असा स्वभाव घेऊन मी लग्न होऊन शहाद्याकडच्या खेड्यातून सुरतेला आले, ती चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या थोडी आधी. सुरतेतली आमची माणसं अजूनही काळ प्लेगवरूनच सांगतात. प्लेगच्या आधी की नंतर, एवढं कळलं की झालं.

नवागामात आमच्या एकामागं एक अशा दोन खोल्या होत्या. मागच्या भिंतीपलीकडे लूमचं खातं होतं, विजेवरच्या मागांचा कारखाना. त्याची खडखड इतकी अंगवळणी पडली की वीज गेली आणि ती थांबली तरच आम्ही दचकायचो. नवरा कडोदऱ्याला लूमवर जाई, आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. घरात दिवसभर मी आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले.

आबा भांडीबाजारात एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं घालत. लग्नकार्य असलं की माणसं दुकानातून तांबे, पातेली, डबे घ्यायची आणि तिथंच आबांच्या पुढ्यात मांडायची. कुणाकडून, कुणाला, सप्रेम भेट. आबा बोटभर छिन्नी धरून वरून हातोडीचे बारीक ठोके देत जायचे आणि अक्षर उमटत जायचं. मराठी असो, गुजराती असो, गिऱ्हाईक कागदावर लिहून देई ते आबा चित्रासारखं हुबेहूब उतरवत. माझ्या लग्नातली भांडी माहेराहून कोरीच आली होती. व्याही नाव घालणारे, मग बाहेर कुणाला कशाला सांगायचं, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. मी घरात आल्यावर पहिले काही दिवस आबा संध्याकाळी अंगणात बसून माझ्याच भांड्यांवर नावं घालत होते आणि मी कुणी काय दिलं ते सांगत होते. कोणाच्या मावशीनं ताटाऐवजी ताटली टेकवली तेही तेव्हाच सांगून टाकलं. आबा हसायचे आणि निमूट लिहायचे.

त्यांचा एक नेम होता. "जेनं भांडं, तेनं नाव. मी नाव टाकस, पुसत नही." याचं कारण ओट्यावर बसणाऱ्यालाच कळेल. मधूनच एखादा माणूस पोत्यात घागर घालून यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, यावरचं नाव तेवढं घासून द्या. भांड्यावरचं नाव कोणाला नकोसं होतं? ज्याचं ते भांडं नाही त्याला. असल्या माणसाला आबा हातानंच वाट दाखवत.

पण दिवस बदलत होते. विजेवरचं नाव घालायचं मशीन आलं होतं. बाजारातली तरणी पोरं ते पेनासारखं धरून भुर्रकन नाव ओरबाडत आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश होई. आबांचा ओटा रिकामा राहू लागला. आबा तरुणपणी नंदुरबारला एका चांदीवाल्याकडे काम शिकलेले. तांब्यावर वेल, पानदानावर मोर, असली कामं त्यांनी केलेली. सुरतेत आल्यावर मोर संपले. "मोर काढेल हात आते सप्रेम भेट लिखस," असं सासूबाई म्हणत, आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

अशा दिवसांत तो सफारीवाला आमच्या दारात आला.

उन्हं कलली होती. पांढरी सफारी, केस तेल लावून मागं वळवलेले, पायात चकचकीत बूट. नवागामच्या गल्लीत गटार ओलांडून असे बूट कधी येत नसत. हातात जांभळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. त्यानं ते पलंगावर ठेवून उलगडलं. चांदीचं लांबट गोल ताट निघालं, आमच्या परातीएवढं, कडेला दोरीसारखी नक्षी आणि मध्ये आरशासारखं लख्ख. इंग्रजी ताट, फार जुनं, म्हणाला. याच्यात जेवत नाहीत, कपाटात काचेमागं उभं करून ठेवतात. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. ज्यात जेवायचं नाही ते ताट कसलं?

मग त्यानं एक कागद काढला. कुठल्यातरी पुस्तकातल्या चित्राची झेरॉक्स होती. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, त्याच्या पंज्यात एक ढाल, डोक्यावर शिरस्त्राण, आणि खाली फितीवर परकी अक्षरं. "अमारा घरनुं निशान छे, काका," तो म्हणाला. त्याच्या पणजोबांनी म्हणे कुणा इंग्रज साहेबाची चाकरी केली, साहेब विलायतेला परत जाताना ताटं देऊन गेला आणि निशाणही वापरायची परवानगी देऊन गेला. घासून घासून निशाण पुसलं गेलं, ते परत घालायचं. आणि एक गोष्ट, तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "आ काम बजारमां नहीं, घेर करजो."

मी चहा घेऊन उभी होते, पदर डोक्यावरून पुढे. पदरामागच्या माणसाला बाकीचे बघत नाहीत, पण तो मात्र सगळं बघत असतो. मला तिथंच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे चांगलं काम चारचौघांत का नको? आणि दुसरं, साहेब ताट देईल हो, पण स्वतःचं कूळ कसं देईल?

आबांना यातलं काही दिसलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. ते त्या कागदावर वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एरवी फक्त जत्रेत पोरांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. सफारीवाला गेल्यावर ते आम्हाला सांगू लागले, "हाई त्यासनं देवक शे. आपली पाच पालवी, त्यासना सिंह." लग्नात मांडवात आपण देवक बसवतो, त्याच्याशिवाय कार्य होत नाही, इंग्रजांनी तेच ताटावर बसवलं, एवढाच काय तो फरक. देवक म्हटल्यावर सासूबाईंनी ताटाला हळदकुंकू लावायला घेतलं. आबांनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी ताट उजेडाकडे नेलं. भांडी मी लहानपणापासून घासतेय. नाव कितीही झिजलं तरी त्याची सावली राहते. भांडं तिरपं धरून तोंडाची वाफ सोडली की पुसलेली अक्षरंही अंधूक वर येतात. माझ्या आजीच्या तांब्यावरचं नाव मी असंच वाचलं होतं. मी त्या ताटावर वाफ सोडली, इकडून तिरपं केलं, तिकडून केलं. काही नाही. मागच्या बाजूला चांदीवर मारतात तसले बारीक बारीक छाप होते, त्यात एक चालणारा सिंहही होता, पण पुढे निशाणाचा मागमूस नव्हता. या ताटावर जन्मात कधी काही कोरलेलं नव्हतं.

मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो पाळीवरून आलेला, कानात अजून लूमची खडखड. म्हणाला, "तुले कावीळ व्हयेल शे. सगळं पिवळंच दिसस." आणि कुशीवर वळला.

आबांनी ताट राळेच्या थरावर बसवलं आणि खिडकीशी काम सुरू केलं. दुपारी भिंतीपलीकडून लूमची खडखड आणि अलीकडून आबांची टुकटुक. मी कितीतरी वेळा तांदूळ निवडायचं निमित्त करून जवळ बसले. खरं सांगते, हात सुंदर चालत होता. सिंहाची आयाळ काढताना ते श्वास धरून ठेवत. केस न् केस वेगळा. मला राग यायचा तो याचाच. इतकं देखणं काम, आणि कोणाच्या पदरात? काम झालं तेव्हा सिंह असा उभा राहिला की सासूबाईंनी त्याला हात जोडले. सफारीवाला आला, ताट बघून खूश झाला, आबांच्या हातावर मजुरी ठेवली आणि झेरॉक्स आठवणीनं परत मागून घेतली. चहाला मात्र त्यानं हात लावला नाही. दुसऱ्याच्या घरचा चहा एकदा कुणी टाळला तर मी समजून घेते, पण हा दर वेळी टाळायचा. ज्याला ओळख वाढवायची नसते तो चहा पीत नाही.

पुढच्या खेपेला दुसरं ताट आलं आणि दुसरा कागद. या वेळी खंजीर धरलेली मूठ. ही म्हणे आईकडची. आबांनी मूठ कोरली. मग आणखी एक ताट आणि तीन पक्षी, ही आजीच्या माहेरची. माझ्या डोक्यात तिडीक उठली. आमच्यात एका देवकाची दोन घरं असली तर सोयरीक होत नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं आणि सोयऱ्यांचं देवक पाठ असतं. झोपेतून उठवून विचारा, सांगतील. याची तर सगळी सोयरीकच साहेबलोकांत झालेली दिसत होती. पणजोबा चाकर, आणि आजी गोऱ्या मडमेची नात?

मला चांदीची चिंता नव्हती. मला चिंता आबांची होती. ही ताटं खोट्या कुळाची असतील तर उद्या कुणी धरलं की सफारीवाला हात झटकून मोकळा. कोरणारा हात कुणाचा, असं विचारत पोलिसांची जीप नवागामातच येणार. साऱ्या आयुष्यात आबांनी एका चोराची घागर घासली नव्हती. म्हातारपणी त्यांना चौकीत उकिडवं बसवतील, या विचारानं मी ठरवलं, एकदा सफारीवाल्यालाच विचारायचं.

पक्ष्यांचं ताट न्यायला तो आला तेव्हा मी चहा ठेवला आणि आत गेले नाही. सासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. पण मी पदर नीट केला आणि विचारलं, "शेठ, तो पहिला सिंह कोणाकडचा हो? तुमच्या आईकडचा ना?"

"हा, हा, मम्मीनी साईडनो," तो पटकन म्हणाला.

पहिल्या दिवशी सिंह त्याच्या घरचा होता, बापाकडून आलेला. आईकडची तर मूठ होती. मी आबांकडे बघितलं. बघा म्हटलं, आता तरी बघा. आबांनी मान वर केली, आणि माझ्यावरच तडकले, "गिऱ्हाईकनी कोनी झडती लेस का? जाय मझार."

मी आत गेले. चुलीजवळ बसून रागानं रडले. मला वाटलं, हा माणूस भोळा तरी आहे नाहीतर मजुरीला भुललाय, आणि दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी आपलं वाटोळं ठरलेलं. सासूबाई नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांनाही काही विचारायची सोय नव्हती. चार-पाच दिवस मी आबांशी कामापुरतंच बोलले. 

मग थंडीच्या दिवसांत सफारीवाला परत आला. या वेळचं ताट वेगळं होतं. त्याच्यावर आधीच निशाण होतं. तीन मासे, एकावर एक, भोवती पानांची चौकट, खाली फीत. आबांनी ते हातात घेतलं आणि अंगठा त्या माशांवरून फिरवला. मी दारातून पाहत होते. खोल, मुरलेलं काम होतं. खवले झिजून गुळगुळीत झाले होते. किती जणांनी, किती वर्षं घासलं असेल ते, कुठल्या देशातल्या कुठल्या मोलकरणीनं. पहिल्यांदाच त्या ताटांपैकी एकावर मला माणसांचा हात फिरलेला दिसला.

"आ माछलीवाळुं कोई लेतुं नथी," सफारीवाला म्हणाला. "आ काढी नाखो, काका. सिंह मूकी दो. सिंह तरत वेचाय छे."

  विकलं जातं म्हणाला तो. घरचं निशाण म्हणून आणलेलं, आणि आता कुठलं निशाण खपतं त्याचा बाजारभाव सांगत होता. त्याला स्वतःलाही ते उशिरा कळलं असावं, कारण तो हसला आणि सफारीची कॉलर नीट करू लागला.

आबांनी विचारलं, "आ कोनुं छे?"

"कोईनुं नथी. ए बधां तो मरी गयां."

आबांनी ताट जांभळ्या कापडात परत गुंडाळलं. गाठ मारली. पलंगावरून त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "नाम लखुं छुं, शेठ. भूंसतो नथी."

तो आधी समजावत राहिला. मग मजुरी वाढवून बघितली. आबा हातोडीच्या दांड्याचा कपचा नखानं काढत बसले. शेवटी त्याचा सूर फिरला. गोड बोलणाऱ्याचा सूर फिरतो तेव्हा तो फार पातळ होतो, हे मी तेव्हा ऐकलं. "पेलां बधां पर हाथ तो तमारो ज छे ने, काका?" तो म्हणाला. "काले कोई पूछशे, तो हुं तमारुं ज नाम दईश."

 ज्याची भीती मी इतके दिवस उशाशी घेऊन झोपत होते ती आता खोलीत येऊन पलंगावर बसली होती. मी पुढे होऊन त्याला काहीतरी वेडंवाकडं बोलणार होते, तोंडात शब्द आलेही होते. तेवढ्यात आबा हसले. अगदी साधं, बावळट म्हणावं असं हसले.

"हाथ म्हारो छे," ते म्हणाले. "एटले तो बधामां श्री छे."

सफारीवाल्याला कळलं नाही. मलाही नाही. तेव्हा आबांनी समजावून सांगितलं, ओट्यावर एखाद्या म्हातारीला सांगावं तसं सावकाश. आपल्यात श्री काढल्याशिवाय काही लिहीत नाहीत. पाटीवर नाही, पत्रिकेवर नाही. हाताला सवय. तसा याच्यातही आधी श्री कोरलाय. सिंहाच्या आयाळीत, कानामागं. मुठीच्या बाहीच्या घडीत. पक्ष्यांच्या पंखाखाली. बारीक आहे, पण आहे. काच लावून बघा, शेठ, दिसेल.

सफारीवाल्याचा चेहरा असा उतरला की मी पदरात तोंड लपवलं. इंग्रज साहेबाच्या देवकात श्री! ज्यानं कोणी ते ताट विलायतेचं, कुठल्या घराण्याचं म्हणून घेतलं असेल, त्याला एक काच आणि एक मराठी माणूस भेटला की खेळ खलास. आबांचं नाव सांगायचं तर आधी स्वतःचं सोंग उघडं करायचं. तो ताट उचलून गेला. चहा तसाच होता, तो मी मोरीत ओतला.

काही दिवसांनी तो एकदा परत आला, सिंहाचं ताट घेऊन. कुठून तरी ते परत मिळवलेलं दिसत होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, सफारीला इस्त्री नव्हती. या वेळी त्यानं काका काका म्हणत आबांच्या पायाला हात लावला. एवढा श्री काढून द्या. बाकी काही नको. आबा म्हणाले, नाव आपण पुसत नाही, आणि हे तर देवाचं नाव. मी दारात उभी राहून मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून घासून घेईल मेला. पण नुसता श्री घासून निघणार नव्हता, त्याच्याबरोबर आयाळ गेली असती, आणि आयाळ गेली की सिंहाचं मांजर होतं. त्याला तेही कळलं असावं. तो गेला तो गेलाच. पुढे त्याचं काय झालं, ताटं कुठं गेली, मला माहीत नाही. कित्येक महिने गल्लीत जीपचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराशी जायची. जीप कधी आमच्यासाठी थांबली नाही.

आबांबद्दलचा माझा राग मात्र निवळला. मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचे आबा इतके भोळे की त्यांच्या भोळेपणानंच त्यांना तारलं. सवयीनं श्री काढला आणि वाचले. देवाची करणी आणि नारळात पाणी. आबांसमोरही बोलायची. ते मान डोलवत.

मग प्लेग आला. सुरत रिकामी झाली. मिळेल त्या गाडीनं, उभ्यानं, आम्ही गावाकडे पळालो. परत आलो तेव्हा घराला कोंदट वास येत होता. सगळी गल्ली घरं धूत होती, गोधड्या उकळत होती. मी आणि सासूबाईंनी फळीवरची एकूण एक भांडी अंगणात काढली आणि गरम पाण्यानं, राखेनं घासायला बसलो. ऊन चांगलं कडक होतं. माझ्या लग्नातला पहिला तांब्या घासून मी उन्हात धरला. माझ्या मामाचं नाव लख्ख दिसलं. सुरुवातीला श्री नव्हता.

मी दुसरं भांडं घेतलं. मावशीची ती ताटली. नाही. पातेलं, डबा, परात. आबांच्याच हातची अक्षरं, कुठेही श्री नाही. नावाआधी नाही, नावानंतर नाही, कडेला नाही. मी वाफ सोडून बघितलं, तिरपं करून बघितलं. सासूबाई विचारत होत्या काय शोधतेस, तोवर मी उठलेही. शेजारणीकडे गेले, तिची भांडी बघितली. गल्लीच्या गणपती मंडळाचं ते मोठं पातेलं होतं, त्यावरही आबांनीच नाव घातलेलं. गणपतीचंच पातेलं, त्यावर तरी श्री असायला हरकत नव्हती. त्यावरही नव्हता.

म्हणजे सवय नव्हती. आबांनी आयुष्यात आपणहून फक्त त्या ताटांवर श्री कोरला होता, आणि पहिल्या ताटापासून कोरला होता. मी पदरामागून त्या सफारीवाल्याकडे संशयानं बघत होते, तेव्हा आबा माझ्या आधीच बघून बसले होते. मग त्यांनी काम घेतलं कशाला? याचं उत्तर मला कुणाला विचारावं लागलं नाही. आयाळीचा केस न् केस काढताना त्यांचा धरलेला श्वास मी ऐकला होता. मोर काढलेल्या हाताला पुन्हा एकदा सिंह काढायचा होता. तो मोह त्यांना आवरला नाही, आणि खोटंही जिरवता आलं नाही. त्या दिवशी माझ्यावर ओरडले तेही उगाच नव्हतं. सुनेनं तोंड घातलं की पुढे सुनेचंही नाव निघतं, म्हणून मला आत पाठवलं होतं. आणि मी त्यांना गल्लीभर भोळे म्हणत फिरत होते.

आबा ओट्यावरून आले तेव्हा मी ओल्या हातानंच मामाचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आबा, याच्यावर श्री कुठंय?"

त्यांनी चष्मा लावला. तांब्या हातात घेऊन सावकाश फिरवला, आपलंच अक्षर वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि ते त्या दिवशीसारखं बावळट हसले नाहीत.

"हाई तुनंच भांडं व्हतं ना, बाई," ते म्हणाले. "तेले साक्षी कसाले?"